पार्ल्यातला बरका फणस : आवारातल्या एका झाडाची दोन वर्षं

मे २०२३ मधल्या एका दुपारी आमच्या आवारात धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ एका गाडीचा भोंगा वाजायला लागला, तो थांबेना. खाली जाऊन पाहिलं तर फणस गाडीच्या पुढच्या काचेवर आदळला होता. काचेला जाळी पडली होती, फळ फुटून पिवळा रस वायपरवरून ओघळत होता आणि माश्या जमायला लागल्या होत्या. गाडीत कोणी नव्हतं. पण पाच मिनिटांपूर्वीपर्यंत तिथेच मुलं सायकल फिरवत होती, हे वॉचमनकाकांनी सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. तुकडे गोळा करून वजन केलं, ९ किलोला थोडं कमी भरलं.

त्याच रविवारी सभा बोलावली गेली. ठराव एका ओळीचा होता : झाड काढून टाकावं. मी तेव्हा समितीवर होते. झाड का राहिलं, त्यासाठी काय काय केलं, त्यातलं काय साधलं आणि काय अजून साधलेलं नाही, ते इथे सविस्तर मांडते आहे. आवारात फणस असलेल्या सोसायट्या मुंबईत पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापुढे कधी ना कधी हाच ठराव येतो.

झाड आणि त्याचं दुखणं

आमची सोसायटी विलेपार्ले पूर्वेला, चार मजली, २४ बिऱ्हाडांची. लोक राहायला आले १९७७ साली. त्याच पावसाळ्यात तळमजल्यावरच्या आजींनी राजापूरहून आणलेल्या तीन आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, मागच्या अंगाला पुरल्या. एक जगली. आजी आता नाहीत. त्यांच्या सुनेला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकूंना, ते साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी त्या लग्न होऊन या घरात आल्या. म्हणजे फणस पडला तेव्हा झाडाचं वय ४६.

आठळीपासून वाढवलेलं झाड आईसारखंच फळ देईल याची खात्री नसते. आठळ्या कापा फणसाच्या होत्या असं काकू सांगतात, पण झाड निघालं बरका. कापा म्हणजे घट्ट, करकरीत गरा. बरका म्हणजे मऊ, रसाळ, चावायच्या आत घशाखाली उतरणारा. कोकणातल्या माणसाला बरक्याची किंमत ठाऊक असते, मुंबईच्या बाजारात मात्र सोललेले गरे मिळतात ते कापाचेच. आमच्याकडे नंतरच्या काळात राहायला आलेल्या घरांनी हा गरा एकदा तोंडात घालून पाहिला आणि पुन्हा त्याच्या वाटेला गेली नाहीत. हा तपशील मला आधी किरकोळ वाटला होता, पण गाठ तिथेच होती. खाणारं कोणी नाही म्हणून उतरवणारं कोणी नाही. उतरवत नाही म्हणून फळ झाडावरच पिकतं, आणि झाडावर पिकलेला फणस कधीतरी खाली येणारच.

त्याआधी झाडावर दोन घाव घातले गेले होते. २०१९ मध्ये आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, ते थेट बुंध्याला भिडवून, खाली चार इंच कोबा घालून. आणि २०२२ च्या पावसाळ्याआधी एका कंत्राटदाराकडून ‘छाटणी’ करून घेतली, ती छाटणी कसली, शेंडाच उडवला. रस्त्याच्या बाजूच्या दोन जाड फांद्या गेल्या आणि उरलेला भार सगळा गाड्यांच्या बाजूला झुकला. तिथेच पुढच्या वर्षी तो फणस पडला.

तक्रारी मात्र सगळ्या झाडाच्याच नावावर लिहिल्या गेल्या. हिवाळ्यात काळी पडलेली लहान फळं गळतात, म्हणजे झाडाला रोग आहे. वरची पानं पिवळी पडतात, म्हणजे झाड म्हातारं झालंय. मे महिन्यात वास, माश्या, आणि पडलेल्या फळावर रात्री उंदीर. शेवटची तक्रार शंभर टक्के खरी होती. पहिल्या मजल्यावरच्या एका बाळंतिणीच्या खोलीपर्यंत उंदीर पोचले होते, तिथे कुणाला बोल लावायला जागाच नव्हती.

ठरावाने झाड तोडता येत नाही

सभेत हात मोजायच्या आधी आमच्या सचिवांनी कायद्याची प्रत पुढे ठेवली, म्हणून बरं झालं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. शहरी हद्दीत खासगी आवारातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. शिवाय ‘तोडणे’ या शब्दात नुसतं बुंध्यापासून कापणं येत नाही. जाळणं, कापणं, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं, हे सगळं त्यात येतं. २०२२ ची ती शेंडेकाप आम्ही परवानगी न घेता करून बसलो होतो, हे सचिवांनी तिथेच मान्य केलं. खोलीत थोडा वेळ पंख्याचाच आवाज येत होता.

२०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. आमचा फणस २०२७ मध्ये तिथे पोचतो. आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. म्हणजे आमच्या बाबतीत ४६. आवारात दुचाकी लावायला जागा नाही, तिथे ४६ रोपं कुठे लावणार? गाडीची काच फुटलेल्या दादांनीच हा प्रश्न विचारला. ठराव फेटाळला गेला नाही, पुढे ढकलला गेला. तेवढं पुरे होतं.

महापालिकेच्या विभाग कार्यालयात उद्यान खात्याकडे अर्ज केला, झाडाची पाहणी करावी म्हणून. पाहणीला आलेल्या साहेबांनी छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजला, लाकडी दांड्याने ठिकठिकाणी ठोकून पोकळी आहे का ते ऐकलं, आणि झाड उन्मळून पडण्याच्या बेतात नाही असं सांगितलं. एक वाळलेली फांदी काढायला आणि गाड्यांच्या बाजूचा भार हलका करायला रीतसर परवानगी मिळाली. जाता जाता ते बुंध्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आधी हा गळफास काढा.” त्यांचा रोख पेव्हर ब्लॉककडे होता.

आळं

फणसाला पाणी चालतं, पण साचलेलं पाणी सोसत नाही. मुळांना हवा लागते. कोब्याखाली मातीचा दगड होतो, पावसाळ्यात फटीतून शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते आणि बारीक मुळं कुजायला लागतात. त्याचा पहिला पत्ता शेंड्याला लागतो. आमच्या झाडाची वरची पानं पिवळी पडत होती ती यामुळेच. झाडाभोवती निदान एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं होतं. आमच्याकडे एक इंचही मोकळा नव्हता.

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये काम काढलं. ब्रेकर मशीन लावायचं नाही, हे पहिल्यांदा ठरवलं, कारण मशीनला मूळ आणि कोबा यातला फरक कळत नाही. दोन माणसं, छिन्नी, हातोडा, तीन दिवस. बुंध्यापासून दीड मीटरपर्यंत सगळं उघडं केलं. ब्लॉक उचलल्यावर खाली काय होतं ते विसरता येत नाही. मनगटाएवढी मुळं कोब्याला चिकटून चपटी झाली होती, एका ठिकाणी मुळाने ब्लॉकच्या तळाचा नक्षीसकट ठसा उचलला होता. मातीला आंबूस वास येत होता.

उघडलेल्या जागेत लाल माती भरावी असं बहुतेकांचं मत होतं. ते आम्ही केलं नाही. बुंध्याला माती चढवली की साल कायम ओली राहते आणि कुजते. दोन बोटं जाडीचं शेणखत, वर झाडाचाच पाचोळा, आणि पाणी निघून जावं म्हणून गटाराच्या दिशेला एक उथळ पाट. एवढंच. आळ्याभोवती विटांची एक ओळ लावली, गाड्यांचं चाक आत येऊ नये म्हणून. या आळ्यात गाडीच्या दोन जागा गेल्या. मुंबईत हा खर्च इतर सगळ्या खर्चांपेक्षा मोठा.

काळी बोंडं

डिसेंबर उजाडला आणि फणसाला बोंडं आली. जानेवारीत नेहमीप्रमाणे काळी पडून गळायला लागली. सचिव एका सकाळी कागदाच्या पुडीत अशी दहा-बारा बोंडं घेऊन माझ्या दारात आले. “वहिनी, बघा. सगळा खर्च करून पुन्हा तेच.”

मी त्यांना खाली घेऊन गेले. फणसाच्या एकाच झाडावर नर आणि मादी असा वेगवेगळा फुलोरा येतो. नर बोंड बारीक देठावर, बहुधा कोवळ्या फांद्यांच्या टोकाकडे, बोटाएवढं, तुलनेने गुळगुळीत. त्याच्यावर हात फिरवला की बोटाला पिवळी पूड लागते, आणि जवळ नेलं की मधासारखा गोडसर वास येतो. मादी बोंड जाड देठावर, बुंध्यावर किंवा जाड फांदीवर. अंग खरखरीत, आणि देठ जिथे बोंडाला मिळतो तिथे हिरवी कड, अंगठी घातल्यासारखी. सचिवांच्या पुडीतली बोंडं एक एक करून पाहिली. अंगठी एकाही बोंडाला नव्हती. सगळी नर. पराग झडला की नराचं काम संपतं, त्याच्यावर बुरशी धरते, ते काळं पडतं आणि गळतं. हा रोग नाही, झाडाचा नेम आहे. इतकी वर्षं आम्ही नेमालाच आजार समजत होतो.

मात्र तीच बुरशी मादी बोंडांवर उतरली तर ते नुकसान खरं. ती करड्या मऊ कापसासारखी देठाकडून चढते आणि आठवडाभरात कोवळं फळ काळंठिक्कर करते. जिथे फळं एकमेकांना टेकून गर्दीने लागतात, आणि गेल्या वर्षीची कुजकी फळं, सुकलेले देठ तिथेच लटकत राहतात, तिथे ती हमखास येते. आमच्या बुंध्याच्या पूर्व बाजूला अगदी अशीच अवस्था होती. म्हणून गळलेली नर बोंडं रोज झाडून उचलायची, जुने देठ खरवडून काढायचे आणि फळं विरळ करायची, असं ठरलं. औषध मारलं नाही. मुलं त्याच झाडाखाली खेळतात.

फणस हा वड, उंबर, तुती यांचा भाऊबंद. चीक आहे तो त्यामुळेच. आणि एक फळ दिसतं ते खरं शेकडो फुलांचं मिळून झालेलं असतं. ज्या फुलाला पराग पोचला त्याचा गरा होतो, ज्याला नाही पोचला त्याचा गऱ्यांमधला चिवट पिवळट दोरा. वेडंवाकडं, एका बाजूला चेपलेलं फळ दिसलं तर त्या बाजूच्या फुलांपर्यंत पराग पोचलाच नाही असं समजावं. शेंडा छाटला त्याच्या पुढच्या वर्षी आमची फळं अशीच निघाली होती, आणि नर बोंडं येतात ती बारीक फांद्यांवर. आम्ही नेमक्या त्याच कापून टाकल्या होत्या.

कुयरी

दुसऱ्या मजल्यावरचे काका राजापूरकडचे, रेल्वेतून निवृत्त. सभेत ते एक शब्द बोलले नव्हते. फेब्रुवारीत आळ्याजवळ उभे राहून त्यांनी बुंध्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, फणस पडायची वाट कोण बघतो? निम्मा फणस कुयरीतच खाऊन संपवायचा असतो.”

या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. कुयरी म्हणजे कोवळा फणस, आत आठळी धरायच्या आधीचा. त्या अवस्थेत कापा आणि बरका सारखेच. भाजीला जात लागत नाही. ज्या घरांना बरका गरा आवडत नव्हता त्यांना कुयरीची भाजी आवडायला काहीच हरकत नव्हती. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेलं दीड किलोचं फळ मे महिन्यात १० किलोचं होऊन कुणाच्या डोक्यावर पडणार नव्हतं.

२०२४ मध्ये झाडावर मादी फळं मोजली तर ५८ भरली. काय ठेवायचं त्याचा नियम काकांनीच घालून दिला. गाड्यांच्या आणि जिन्याच्या बाजूचं एकही फळ ठेवायचं नाही. हाताला किंवा शिडीला येईल एवढ्याच उंचीवरचं ठेवायचं. एका झुबक्यात एकच. ठेवलेल्या फळांच्या देठाला लाल सुतळी. असं करत १४ फळं ठेवली आणि बाकीची दोन हप्त्यांत काढली, पहिला फेब्रुवारीच्या शेवटी, दुसरा मार्चच्या मध्यावर.

कुयरी कोवळी आहे की जून झाली, हे बाहेरून ओळखायला सवय लागते. कापल्यावर कळतं ते असं : सुरी मधून जाताना कुठे कट् असा आवाज आला, की आठळीचं कवच धरलं. मग ती भाजी चोथट लागते. नुसती फसकन गेली तर उत्तम. सुरीला आणि हाताला आधी खोबरेल फासायचं, नाहीतर चीक दोन दिवस सोडत नाही. साबणाने तो जात नाही, तेलानेच जातो. साल जाडसर काढून मोठे तुकडे कुकरमध्ये मिठाच्या पाण्यात, दोन शिट्ट्या. निवल्यावर पाट्यावर किंवा वाटीच्या बुडाने ठेचायचे. मग फोडणीत मोहरी, हिंग, हळद, तीन-चार सुक्या मिरच्या, रात्री भिजवलेले शेंगदाणे, ठेचलेली कुयरी, चिमूट गूळ, आणि उतरवताना मूठभर ओलं खोबरं. काकूंनी पहिल्या दिवशी ही भाजी डब्यांतून १२ घरी पाठवली. चौथ्या मजल्यावरच्या गुजराती बेन दुसऱ्या दिवशी डबा परत करायला आल्या तेव्हा मोकळ्या हाताने गेल्या नाहीत, एक कुयरी मागून घेऊन गेल्या.

उरलेल्या कुयऱ्या स्टेशनजवळच्या भाजीवालीने घेतल्या. पैसे फार नव्हते, पण पाडेल्याची मजुरी त्यातून सुटली.

उतरवणं

नारळ पाडणारे पाडेली अजून पार्ल्या-अंधेरीत फिरतात. त्यातल्याच एकाला दरवर्षीसाठी बांधून घेतलं. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही, ही आमची अट. त्याला ती आधी पटली नाही, आम्ही सोडली नाही.

फणस तयार झाला हे ओळखायच्या खुणा काकांनी मुलांना शिकवल्या, आणि मुलांनी त्या आमच्यापेक्षा लवकर उचलल्या. काटे आधी टोकदार आणि दाटीवाटीने असतात. फळ भरलं की ते बोथट होतात आणि एकमेकांपासून लांब सरकतात. हिरवा रंग पिवळटपणाकडे झुकतो. देठाजवळचं पान पिवळं पडतं. आणि बोटाच्या मागच्या बाजूने ठोकलं की आवाज बदलतो. कच्चा फणस टणक, कोरडा बोलतो. तयार फणस ढबढब करतो. वास सुटेपर्यंत थांबलं तर बरक्याच्या बाबतीत उशीर झाला. तो हाताळतानाच फुटतो. ढबढब आवाज आला की उतरवायचा, मग घरात चार ते आठ दिवसांत पिकतो.

उतरवायची रीत सोपी आहे, पण क्रम चुकवायचा नाही. आधी दोर देठाला बांधायचा. दोर वरच्या जाड फांदीवरून घेऊन खालच्या माणसाच्या हातात द्यायचा. त्याने ताण धरला की मगच गाठीच्या वर कोयता चालवायचा. फळ लोंबकळत हळूहळू खाली येतं, खाली गोणपाटावर टेकतं. टेकल्यावर देठ खालच्या बाजूला करून तासभर ठेवायचं, चीक निथळून जातो. २०२४ मध्ये २ मे ते ५ जूनपर्यंत चार खेपांत १४ फळं उतरली. एकही पडलं नाही.

बरक्याचं काय करायचं

१४ पिके फणस म्हणजे साधारण १२० किलो. त्यातला खाण्याजोगा भाग निम्म्याहूनही कमी, तरी पुष्कळ. इथे काकूंचा शब्द शेवटचा होता. बरका फणस चावून खायचा नसतो, त्याचा रस करायचा असतो, हे त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. ऐकायला कोणी नव्हतं.

एका शनिवारी गच्चीच्या जिन्याजवळ चादर अंथरली. दोन फणस, सहा बायका, तीन मुलगे. गरे सोलून, आठळ्या काढून, गर रोवळीत घालून हाताने चोळला. रस खालच्या पातेल्यात गळतो आणि दोरे वर राहतात. मिक्सर लावायचा मोह टाळला, कारण दोरे त्यात वाटले जातात आणि मग रस चिकट, तंतुमय होतो. सांदणाचं प्रमाण काकूंचं असं : दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा थोडा भाजून, दोन वाट्या रस, पाऊण ते एक वाटी गूळ फणसाची गोडी बघून, अर्धी वाटी ओलं खोबरं, चवीला मीठ. दोन तास भिजत ठेवायचं. रवा रस पिऊन फुगला की तूप लावलेल्या वाट्यांतून वीस मिनिटं वाफवायचं. झाकण उघडल्यावर जो वास आला त्याने खालच्या मजल्यावरून माणसं वर आली. वर नारळाच्या दुधात गूळ-वेलची घालून केलेला रस. ज्या दादांची काच फुटली होती त्यांनी चार सांदणं खाल्ली. ते म्हणाले, “हे आधी सांगितलं असतं तर,” आणि वाक्य तसंच सोडलं.

फणसपोळीही केली. तूप लावलेल्या ताटांत रसाचा पातळ थर, वर सुती कापड, गच्चीवर चार कडक उन्हं. मुंबईत हे फक्त मेच्या पहिल्या पंधरवड्यात जमतं. नंतर हवेतच इतका ओलावा असतो की पोळीला वरून साय धरते आणि आत बुरशी.

आठळ्यांची गोष्ट वेगळी. त्या टिकत नाहीत, ओलाव्यात लगेच मोड काढतात. काकूंनी त्या धुवून, सावलीत सुकवून, चुलीच्या राखेऐवजी कोरड्या मातीत घोळवून डब्यात भरल्या आणि श्रावणापर्यंत पुरवल्या. अळूच्या फदफद्यात आठळी आणि भिजवलेले दाणे पडले नाहीत तर ते फदफदं अपुरं, असं मानणारी घरं आमच्याकडे आता सात आहेत. पूर्वी दोन होती. वटपौर्णिमेच्या वाणात घालायचे गरेही त्या वर्षी कुणी बाजारातून आणले नाहीत.

चारखंडांचा, म्हणजे गरे काढून उरलेल्या सालींचा, ढीग मात्र मोठा होतो. ती आहेत तशी टाकली तर माश्या ठरलेल्या. कोयत्याने बारीक करून, दुप्पट सुका पाचोळा मिसळून खताच्या पिंपात घातली. पहिल्या वर्षी पाचोळा कमी पडला आणि पिंपाला वास सुटला. तेव्हापासून फणसाचीच पानं जानेवारीपासून पोत्यांत साठवतो.

२०२५ चा पाऊस

पुढच्या वर्षी वाटलं, आता घडी बसली. ६१ फळं लागली, कुयरी वेळेवर निघाली, १६ ठेवली. शेंड्याची पानं हिरवी होती, पिवळेपणा जवळजवळ गेला होता. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, म्हणून शेवटची खेप ५ जूनला ठरवली होती.

तो आला २६ मे रोजी. त्याआधीचे आठ-दहा दिवसही सरींचेच. पाडेली ओल्या बुंध्यावर चढायला तयार नव्हता आणि आम्हीही चढवलं नसतं. ५ फळं झाडावर राहिली. एकाएकी पाणी मिळालं की पिकायला आलेला फणस उभा तडकतो. तीन झाडावरच तडकले, दोन रात्रीतून खाली आले. आळ्यातच पडले, विटांच्या ओळीच्या आत, पण आवाज झाला. चार घरांतले दिवे लागले. फणसपोळी त्या वर्षी झालीच नाही. उतरवलेल्या फळांचा रस पाणचट होता आणि सांदणात गूळ जास्त घालावा लागला.

जूनच्या सभेत दोन गोष्टी ठरल्या. एक, तारीख पंचांगावरून किंवा गेल्या वर्षावरून ठरवायची नाही, १५ मेला झाड रिकामं झालंच पाहिजे. मग थोडी फळं कच्ची उतरली तरी चालतील, कच्च्या गऱ्यांचे तळलेले काप करता येतात. दोन, ठेवायची फळं १६ वरून ८ वर आणायची आणि बाकी सगळी कुयरीत काढायची.

पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाचा विरोध कायम आहे. उंदीर पूर्वीपेक्षा खूप कमी झाले, संपले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मी दरवेळी सभेच्या वृत्तांतात शब्दशः लिहून घेते. गेलेल्या गाडीच्या दोन जागांचा वाद मिटलेला नाही. सध्या त्या जागांच्या बदल्यात दोन घरांना देखभाल खर्चात सूट आहे, ती दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. २०२२ च्या एका कापलेल्या टोकाला पोकळी धरली आहे, हाताची मूठ आत जाते. पाहणीला आलेल्यांनी ती सिमेंटने बुजवू नका, आत पाणी साचणार नाही एवढं पाहा, असं सांगितलं आहे. दर सहा महिन्यांनी दोरी आत सोडून खोली मोजतो, भिंतीवर तारखेसह लिहून ठेवतो.

शेजारच्या सोसायटीने आमच्या झाडाच्या आठळ्या मागितल्या होत्या. त्यांना मी आठळी दिली नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण प्रॉलिफिक’ या कापा जातीचं कलम लावा म्हटलं, आणि लावायच्या आधी आळ्याची जागा आखून घ्या, भिंतीपासून आणि गाड्यांपासून लांब. त्यांनी खड्डा खणला आहे. काका काल टेप घेऊन तो मोजायला गेले होते आणि अर्धा मीटर पलीकडे सरकवा म्हणून सांगून आले.